वासाची वजाबाकी

शालन सरनोबतांनी यंदा चटणीचं पाकीट विकत आणलं, ही बातमी मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत दुपारच्या चहाआधीच शेवटच्या घरापर्यंत पोचली. कोल्हापुरात घरच्या चटणीचा मान काय असतो हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. पण ज्या बाईच्या कांदा-लसूण चटणीसाठी गल्लीतल्या सासरी गेलेल्या पोरी आपापल्या आयांना सोडून हिच्याकडे डबे पाठवायच्या, तिनं छापील पाकीट आणावं म्हणजे अतीच झालं. समोरच्या वहिनींनी ताबडतोब पुण्याला फोन लावला. "हेमा, आईकडं येऊन जा बाई. कायतरी बिनसलंय."

हेमांगी दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून आली. पुण्यात एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि आई म्हणजे तिचं सगळं माहेर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात चटणीची मोठी बरणी धुऊन पालथी घातलेली होती.

"हात गेला माझा," शालनताई शांतपणे म्हणाल्या.

"हात गेला म्हणजे?"

"तीच संकेश्वरी मिरची, त्योच लसूण, तसंच भाजणं. चार वर्सं झाली, चव काय उतरत न्हाई. म्हातारपणी हात जातो म्हणतात, तसा गेला."

डॉक्टरांनी तपासून झालं होतं. जीभ ठीक, नाक ठीक. पण चटणी बिघडली तिथून शालनताईंचा आमटीवरचा विश्वास उडाला, मग भाकरीवरचा, आणि आता तर त्या दोन्ही वेळा दूध-पोहे खाऊन टीव्हीसमोर बसत. पितळेचे मोठे डबे भाचीला देऊन टाकायची भाषा चालली होती. आपली आई ही अशी एकेक डबा देत देत रिकामी होत जाणार, असं हेमांगीला वाटलं आणि तिला रडूच आलं.

"जुन्यातली थोडीसुद्धा शिल्लक नाही?"

शालनताईंनी देवघराच्या फळीमागून बोटभर उंचीची चिनी मातीची बरणी काढली. तळाशी चिमूटभर लाल पूड होती. "ही शेवटची चांगली. सणाला बोटाच्या टोकावर घ्यायची. एवढीच राहिलीय."

हेमांगीच्या पिशवीत प्रयोगशाळेतून बाद झालेलं एक नाक होतं. म्हणजे यंत्र. साबणाच्या वडीएवढी डबी. दूध नासायला लागलं की माणसाच्या आधी तिला कळायचं. आता ही नाकं सगळीकडे झाली होती, गॅसच्या गळतीला, दवाखान्यात श्वास तपासायला, फळांच्या बाजारात. आत नखाएवढ्या चकतीवर शेकडो सूक्ष्म पडदे असतात. एखादा पडदा लसणाच्या वासाने फुगतो, एखादा मिरचीच्या, एखादा दोन्हीने थोडा थोडा. पडदा फुगला की त्यातून जाणारी वीज बदलते आणि त्या बदलाचा एक आकडा मिळतो. अशा शेकडो आकड्यांची ओळ म्हणजे एक वास. माणसाला वासाबद्दल 'खमंग', 'उग्र' यापुढे फारसं बोलता येत नाही. आकड्यांची मात्र बेरीज-वजाबाकी होते.

"जुन्या चटणीच्या वासातून गेल्या वर्षीच्या चटणीचा वास वजा करायचा," हेमांगीने समजावलं. "उरेल ते तुझ्या हातातून गेलेलं."

"आणि कायच उरलं न्हाई तर?"

काहीच उरलं नाही, तर आईचं म्हणणं खरं ठरणार होतं. शिवाय मोजताना नाक ती पूड तापवतं, म्हणजे चिमूट जळूनच जाणार. एकच चिमूट, एकच मोजणी. ते आकडे हेमांगीच्या धापा टाकणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर ठेवण्याची तिची छाती होईना. म्हणून मग डेटाबेस, आणि तोही क्लाउडवर, जिथं एका प्रतीला काही झालं तरी दुसरी शाबूत राहते.

हल्ली असली कामं बोलून होतात. 'मला एक डेटाबेस करून दे' म्हटलं की सोय हजर. पण ती बोलकी सोय आपल्याला न विचारता पन्नास गोष्टींना हो म्हणून मोकळी होते, आणि त्यातला एक हो 'तुमची माहिती आम्ही सुधारणेसाठी वापरू का' यालाही असतो. आईची चटणी कुणाच्या सुधारणेसाठी द्यायची हेमांगीची इच्छा नव्हती. तिने कमांड लाइन उघडली.

"ही काळी पाटी कसली गं?" शालनताई चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. कितीतरी दिवसांनी टीव्ही बंद होता.

"इथं हुकूम लिहायचा. एका ओळीत एक काम सांगायचं आणि एन्टर दाबायचं. गोड बोलत नाही, पण सांगितलं तेवढंच करतं."

"तुझ्या बाबांना हे कधी जमलं न्हाई."

हेमांगीने पहिली ओळ लिहायला घेतली. "नाव काय ठेवू? एकदा ठेवलं की बदलता येत नाही."

"आत्याला न बोलावताच नाव ठेवतीस व्हय? बरं, बरणी ठेव."

'बरणी' असं नाव पडलं. मग जागा. क्लाउड म्हणजे ढग म्हणत असले तरी माहिती राहते जमिनीवरच, कुठल्यातरी शहरातल्या मोठ्या, गार इमारतीत, आणि ते शहर आपण निवडायचं असतं. हेमांगीने मुंबई, दिल्ली, सिंगापूर, जर्मनी अशी नावं वाचून दाखवली.

"मुंबईला ठेव. जर्मनीला लसणाचा वास सोसायचा न्हाई."

पासवर्डच्या वेळी शालनताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्याच्या डब्यात काय घातलंय ते आपण बघू नये, हा त्यांचा जुना नेम होता. मग बरणीचं दार कुणाला उघडं ठेवायचं हा प्रश्न आला. इथं नुसती चार शून्यं लिहिली तर जगातला कुणीही दारापर्यंत येऊ शकतो, आणि घाईत असलेली माणसं नेमकं तेच लिहितात. हेमांगीने फक्त घरच्या इंटरनेटचा पत्ता घातला. चुकून पुसली जाऊ नये म्हणून एक कुलूपही घातलं. एन्टर दाबल्यावर पाटीवर 'तयार होत आहे' अशा अर्थाची ओळ येऊन थांबली.

"तटलं काय?"

"नाही, वेळ लागतो. तोवर मी कोपऱ्यावरून मीठ आणते. संपलंय."

ती मीठ घेऊन आली तोवर बरणी तयार झाली होती. तिने एका हुकमाने आत शिरून आकड्यांसाठी तक्ता मांडला, नाकाला जोडला, देवाचं नाव घेतलं आणि ती शेवटची चिमूट नाकात ठेवली. लहानसा धूर निघाला. आकडे ओळीने बरणीत उतरले. आणि त्या आकड्यांत हिंग होता. थोडाथोडका नाही, मिरचीला मागे सारणारा हिंग.

"आई, जुन्या चटणीत हिंग घालायचीस?"

"खुळी का काय! चटणीत हिंग घालतात व्हय?"

"मग हा आला कुठून?"

शालनताई हळूच म्हणाल्या, "तू मीठ आणायला गेलीस तवा मीच दिली की धुरी. नवी बरणी भरायच्या आधी हिंगाची धुरी द्यायची असती, न्हाईतर बुरशी धरती. त्या काळ्या पाटीला कुठं धुरी देणार, म्हणून डबीला दिली. नीट निखाऱ्यावर धरून."

हेमांगी खालीच बसली. चिमूट तर जळून गेली होती. आईला काही बोलावं तर तिने आयुष्यभर ज्या मायेने बरण्या जपल्या त्याच मायेने हेही केलेलं. मग हेमांगी एकदम हसायला लागली.

"अगं, वजाबाकी आहे ना! जुन्या चटणीच्या मोजणीत हिंग, गेल्या वर्षीच्या मोजणीतही तोच हिंग. एकातून दुसरं वजा केलं की हिंग आपोआप जातो!"

तिने एका वाटीत उरलेली गेल्या वर्षीची चटणी मोजली, वजाबाकीचा हुकूम लिहिला आणि एन्टर दाबलं. हिंग गेला. मिरची गेली, लसूण गेला. आणि तरीही काहीतरी उरलंच. जुनेपणाने वास विरतो, फार तर खवटपणा येतो; हा वास खवट नव्हता. जुन्या चटणीत खरोखरच काहीतरी जास्तीचं होतं.

"म्हंजे हात न्हाई गेला?" शालनताईंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"नाही. एक वास गेलाय. कसला ते शोधायचं."

उरलेले आकडे कुठल्याच एका मसाल्याशी स्वच्छ जुळेनात. मिरचीबरोबर कुटून, मुरून तो वास बदलला होता. तो दुसऱ्या कुठल्या चटणीत सापडतो का, हे बघायचं ठरलं, आणि दिवस नेमके कांडपाचे होते. हेमांगी यासीनभाई मुलाणींच्या डंखावर गेली. डंख म्हणजे चटणी कुटायची गिरणी. लोखंडी मुसळं विजेवर वर जातात आणि उखळात धडाधड आदळतात. उन्हाळ्यात सगळी गल्ली तिथं मिरच्यांच्या पाट्या घेऊन ठसके देत बसलेली असते. उखळाच्या तळाशी मागच्या घराची थोडी चटणी राहतेच, म्हणून आपण कुणामागं कांडायचं हे बायका फार चोखंदळपणे ठरवतात. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन घरांची मिरची सकाळी धुतलेल्या उखळात सगळ्यात आधी.

यासीनभाईंना कल्पना आवडली. बायकांना बिलकुल नाही.

"म्हंजे माझ्या चटणीत काय पडलंय ते तुझ्या कॉम्प्युटरला कळणार?" एकीने मिरच्यांच्या पाटीवर पदरच टाकला.

"आकडे कळतील. ते मी कुणाला दाखवणार नाही, माझ्या आईलासुद्धा नाही. आणि काम झालं की सगळं तुमच्यादेखत पुसून टाकीन."

शालनची पोर शब्दाची पक्की, हे गल्लीला माहीत होतं. शिवाय शालनच्या चटणीचं कोडं सगळ्यांनाच सोडवायचं होतं. चिमटी चिमटीने घराघरांचे नमुने आले. संध्याकाळी घरी येऊन हेमांगीने सगळे नमुने मोजले, मग रिकाम्या नाकाचा हिंग मोजला, तो सगळ्यांतून वजा केला आणि बरणीला एकच प्रश्न विचारला: आईच्या चटणीतून जे हरवलं, ते कुणाच्या चटणीत आहे?

उत्तर एका ओळीत आलं. इंगवले.

हेमांगीला खुदकन हसू आलं, पण ते लगेच विरलं. इंगवल्यांच्या छबुकाकू म्हणजे आईची जिवाभावाची मैत्रीण, आणि चार वर्षांपासून हाडवैरीण. त्या वर्षी गल्लीतल्या तालमीच्या गणेशोत्सवात चटणी-भाकरीची स्पर्धा होती. परीक्षकाने शालन आणि छबु दोघींच्या ताटल्या चाखल्या, डोळे मिटले आणि जाहीर केलं की या दोन्ही एकाच हातच्या आहेत, कुणीतरी दोन नावं देऊन फसवलंय. दोघीही बाद. त्याच मांडवात शालनताईंनी छबुकाकूंना 'माझी चटणी चोरलीस' म्हटलं, छबुकाकूंनी शालनताईंना तेच म्हटलं, आणि तिथून बोलणं तुटलं.

कुणीच काही चोरलं नव्हतं. हेमांगीला डंखावरच्या लहानपणच्या दुपारी आठवल्या. वर्षाची चटणी एका दमात उखळात मावत नाही, तिचे घाणे करावे लागतात. एकीचा घाणा कुटला जाताना दुसरी आपला लसूण मिसळायची. एक घाणा शालनचा, एक छबुचा, पुन्हा शालनचा. दरवेळी तळातली मूठभर एकीची दुसरीत जायची. बाकी कुणाची चटणी मिसळली असती तर दोघींनी आकांत केला असता. पण एकमेकींची चटणी त्यांना परकी वाटतच नव्हती, म्हणून इतक्या वर्षांत लक्षातही आलं नाही. भांडण झालं, दोघी वेगवेगळ्या दिवशी कांडायला लागल्या, आणि चव गेली.

आता छबुकाकूंची चटणी आणि तो हरवलेला वास शेजारी शेजारी ठेवल्यावर नाकाला त्या जिनसाचं नावही सांगता आलं. तिरफळ. कोकणात माशाच्या कालवणात घालतात ते. कोल्हापुरी चटणीत ते कुणी घालेल अशी स्वप्नातही शंका आली नसती.

दुसऱ्या दिवशी हेमांगी लक्ष्मीपुरीत जाऊन तिरफळाची पुडी घेऊन आली. किती सोपं होतं! आईच्या मिरचीत गुपचूप मूठभर टाकायची. आई पुन्हा चुलीशी उभी राहील, कुणाला काही कळणार नाही. पुडी हातात धरून ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, आणि तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. चार वर्षांपूर्वी आईवर जो आळ आला होता, तीच चोरी आज लेक करायला निघाली होती, आणि गल्लीने विश्वासाने दिलेल्या चिमटीतून. तिने पुडी पिशवीत खोल कोंबली आणि इंगवल्यांची कडी वाजवली.

छबुकाकूंनी दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवले. "आता काय मोजायचं राहिलंय?"

हेमांगीने सगळं सांगितलं. आपला शब्द, बरणी, वजाबाकी, आणि घाणे. "तुमच्या परवानगीशिवाय आईला यातलं अक्षर सांगणार नाही, काकू."

छबुकाकू मटकन पायरीवर बसल्या. "म्हंजे शालीनं चोरली नव्हती?"

"तुम्हीही नव्हती."

"आणि मी चार वर्सं त्या बयेला शिव्या घालत बसले!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग एकदम दबक्या आवाजात विचारलं, "तुला कळलं असंल न्हवं, मी काय घालते?"

"कळलं."

"बोलू नकोस गं. माझं माहेर वैभववाडीकडचं, कोकणातलं. सासरी कळलं की मी चटणीत माशाचा मसाला घालते, तर जन्मभर चिडवतील. आणि खरं सांगू? माझीबी चव गेलीय. कायतरी भाजकं, खमंग असायचं तिच्यात. ते न्हाई आता. ते काय असंल?"

ते शालनताईंचे भाजलेले कारळे होते. हेमांगीला आकड्यांतून नाही, जन्मापासून ठाऊक होतं. "ते आईचं आहे, काकू. मी नाही सांगणार."

छबुकाकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि गालावरून हात फिरवला. "शब्दाची पक्की हैस. चल, घाण्यांचं तेवढं सांग तुझ्या आईला, आणि म्हणावं, मिरच्या भाजायला घे."

शालनताईंना हे सांगितलं तेव्हा त्या उठल्या, पालथी बरणी सुलटी केली आणि पुसायला लागल्या. पुसता पुसता त्या रडत होत्या आणि हेमांगीला मिरच्यांची देठं नीट खुडत नाहीस म्हणून रागावतही होत्या.

डंखावर त्या दिवशी सगळी गल्ली लोटली होती. पण दोघींचं पहिल्याच घाण्याला अडलं.

"आधी तू घाल," शालनताई म्हणाल्या.

"तू मोठी, तू घाल."

"कोण मोठी? शाळेत तू माझ्यापुढं होतीस!"

"व्हय, आणि तू गणितात नापास झालीस म्हणून मागं पडलीस!"

"वहिनी, कुणीतरी घाला ओ," यासीनभाई ओरडले, "मुसळं नुसती वाजायलीत!"

शेवटी दोघींनी एकेक मूठ एकदमच टाकली. मग एक घाणा हिचा, एक तिचा. लाल धुरळा उडाला, सगळे ठसकले, शिंकले, हसले. कुणी काय भाजून आणलंय ते कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. गरम भाकरीच्या तुकड्यावर शालनताईंनी नवी चटणी आणि तेल घेतलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटले.

हेमांगीने नाक पुढे केलं. "थांब, चिमूटभर दे. जुन्याशी जुळतंय का ते मोजू."

"त्या डबीला काय विचारतीस? मला विचार की!" असं म्हणून शालनताईंनी दुसरा घास थेट लेकीच्या तोंडात कोंबला. हेमांगीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते नुसत्या तिखटाने नव्हतं. तीच चव होती. शाळेच्या डब्यातली, परीक्षेच्या सकाळची, आईची. आणि छबुकाकूंची.

मग ठरल्याप्रमाणे यासीनभाईंच्या गल्ल्यावर लॅपटॉप उघडला गेला. हेमांगीने फोनवरून घरच्या इंटरनेटमार्गे बरणीचं दार गाठलं, आधी कुलूप काढण्याचा हुकूम दिला, नंतर पुसून टाकण्याचा. पाटीने विचारलं: नक्की पुसायचं? परत आणता येणार नाही.

"किती येळ विचारतंय," छबुकाकू म्हणाल्या.

"शेवटचं. एन्टर कोण दाबणार?"

दोघींची बोटं एकदमच पडली. बरणी गेली. त्या लॅपटॉपची एन्टरची कळ आजही लालसर आहे, आणि हेमांगीने ती पुसलेली नाही.

भाद्रपदात तालमीपुढे मांडव पडला. चटणी-भाकरीच्या स्पर्धेला पुन्हा तेच गुरुजी परीक्षक होते. शालनताई आणि छबुकाकू हात धरून आल्या आणि त्यांच्यापुढे एकच ताटली ठेवली.

परीक्षकांनी चष्मा सावरला. "एका ताटलीला दोन नावं चालत नाहीत. नियम आहे."

"मागल्या खेपेला दोन ताटल्या ठेवल्या, तवा एकाच हातच्या म्हणालात न्हवं?" शालनताई म्हणाल्या. "तुमचंच खरं होतं, गुरुजी. खावा आता."

परीक्षकांनी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग नियमांचा कागद बाजूला ठेवून त्यांनी अजून अर्धी भाकरी मागितली.